धुळीची अ‍ॅलर्जी : एक की पाच?

सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, रात्री छातीत घरघर. असा रुग्ण शहरातून कातडीवरची चाचणी करून येतो आणि कागद पुढे ठेवतो. धुळीतील माइटच्या तीन जाती, झुरळ व कोळंबी, सगळे 'पॉझिटिव्ह'. "डॉक्टर, मला पाच-पाच अ‍ॅलर्जी?" घाबरण्याचे कारण नाही.

माइट हा गोचिडीच्या जातकुळीतील आठ पायांचा जीव. लांबी मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. गादी, उशी, गोधडीत राहून तो आपल्या कातडीचा झडलेला कोंडा खातो. चावत नाही, त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा. धुळीच्या अ‍ॅलर्जीचा संबंध या जीवाशी नेदरलँड्समधील संशोधकांनी १९६४ मध्ये जोडला.

डर्मॅटोफॅगॉइडिस वंशातील टेरोनिसिनस व फॅरिनी या दोन जाती सख्ख्या बहिणीच. त्यांच्या मुख्य प्रथिनांची घडण सुमारे ८० टक्के सारखी. त्यामुळे शरीराने एकीविरुद्ध तयार केलेली आयजीई प्रतिपिंडे दुसरीलाही चिकटतात. यालाच क्रॉस-रिअ‍ॅक्शन म्हणतात. म्हणजे दोन नावे, पण आजार बहुधा एकच. ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस ही उष्ण, दमट हवेतील जात मात्र दूरच्या नात्यातली. तिची अ‍ॅलर्जी पुष्कळदा स्वतंत्र असते. इंजेक्शनांचा कोर्स घ्यायचा असल्यास हा फरक डॉक्टरांना जरूर विचारावा, कारण तो तीन ते पाच वर्षे चालतो व खिशाला जड पडतो.

आता कोळंबी. माइट, झुरळ, कोळंबी, खेकडा या सर्वांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे जवळजवळ सारखे प्रथिन असते. म्हणून कोळंबी खाऊन कधीही त्रास न झालेल्या माणसाची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. नुसत्या कागदावरून त्याची कोळंबी बंद करणे मला पटत नाही. कोकणातल्या माणसाला तर ही शिक्षाच! मात्र खाल्ल्यावर ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे असे एकदा जरी झाले असेल तर कोळंबी व खेकडा बंद करून डॉक्टरांना गाठावे. सुरमई, बांगड्याचे प्रथिन वेगळे. ते सहसा चालतात.

जात कोणतीही असो, घरचे उपाय तेच. चादरी व अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या कढत पाण्यात धुवावेत, गाद्या कडक उन्हात टाकाव्यात. त्या झटकण्याचे काम मात्र रुग्णाने करू नये. दम्याचा पंपही मनाने बंद करू नये.