आजोबांच्या रिव्हॉल्व्हरवरचे ठसे वाचताना

बाळा, घरात परवान्यासकट चालत आलेलं जुनं वेब्ली किंवा एनफिल्ड असेल, तर ते कुणाचं होतं हे आधी त्याच्यावरच्या ठशांना विचार. घरातली गोष्ट दर पिढीला थोडी वाढते, ठसा होता तेवढाच राहतो. तुझ्या बोटांना फार घाई असते हे ठाऊक आहे, म्हणून हे सावकाशीचे कानमंत्र.

१. ज्याच्या नावावर परवाना, त्यानेच शस्त्र हाताळावं. परवानाधारक गेला असेल तर आधी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा कर, वारसाचा अर्ज मग — १९५९च्या शस्त्र कायद्यात तसंच सांगितलं आहे.

२. बोट चापापासून लांब, नळी कुणाच्याही दिशेला नाही, आणि उघडून सहाही घरं एकेक करून बघायची — ‘ते रिकामंच आहे’ यावर कधी विसंबू नये, सांगणारा कितीही मोठा असो.

३. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, चिंच-लिंबू यांतलं काही लावू नकोस — चकाकी आली की ओळख गेली. शिवाय शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा खूण पुसणं हा कायद्याने गुन्हा आहे.

४. मऊ सुती कापडाने पुसून बॅटरीचा उजेड समोरून न टाकता आडवा टाक — खोलगट अक्षरात सावली भरते आणि बुजलेला ठसाही वर येतो. तरी वाचता येईना तर खडूची पूड हलकेच चोळ, आणि वाचून झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरव.

५. प्रत्येक ठशाला एकच प्रश्न विचार: घडवलं कुणी, तपासलं कुणी, मालक कोण, सोडून दिलं कुणी — चार प्रश्नांची उत्तरं चार वेगळे ठसे देतात, आणि सगळे घोटाळे ती एकात मिसळल्याने होतात.

६. वेब्ली मार्क सहावर फ्रेमच्या डाव्या अंगाला कंपनीचं नाव आणि साल दिसेल. एनफिल्ड नंबर दोनवर उजव्या अंगाला, घोड्याच्या खाली, मुकुट, ‘एनफिल्ड’ आणि साल — हे जन्मस्थळ झालं, मालकी नव्हे.

७. साल घरच्या गोष्टीशी ताडून बघ — मार्क सहा १९१५ साली सैन्यात आलं, एनफिल्ड नंबर दोन १९३२ साली. पणजोबांनी पहिल्या महायुद्धात एनफिल्ड नंबर दोन वापरलं असं कुणी सांगितलं, तर भांडू नकोस, साल दाखव.

८. लहानसा मुकुट, खाली आकडा आणि अक्षर ही तपासनिसाची खूण. मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ ही बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची — मुकुट दिसला म्हणजे राजाची मालमत्ता, असा हिशेब करू नये.

९. मालकीची खरी खूण म्हणजे कोंबड्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण, ब्रॉड ॲरो — तो असला की शस्त्र ब्रिटिश सरकारी खात्याचं होतं.

१०. बाणाच्या आजूबाजूचं अक्षर सोडू नकोस — खाली ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकार, ‘सी’च्या पोटात बाण असेल तर कॅनडा, दोन ‘डी’ंच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलिया.

११. दोन बाण टोकाला टोक लावून उभे दिसले तर निश्चिंत हो — ती शस्त्र सरकारी साठ्यातून रीतसर निघाल्याची खूण. एका बाणाने बांधलं, दोन बाणांनी सोडलं.

१२. बाण कुठेच नसेल तर चोरीचा संशय घेऊ नकोस — पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश अधिकारी रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशाने घेत. नळीवर आर्मी अँड नेव्ही सोसायटीचं नाव असेल तर ते दुकानातून घेतलेलं. त्याच दुकानाच्या मुंबई शाखेची इमारत काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालयाशेजारी अजून उभी आहे.

१३. स्मिथ अँड वेसनच्या ‘व्हिक्टरी’वर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ वाचून अमेरिकन सैनिक शोधत बसू नकोस — दुसऱ्या महायुद्धात लेंड-लीज करारातून ही शस्त्रं ब्रिटिशांच्या फौजांना मिळाली होती.

१४. जुन्या वेब्लीवर ‘आर.आय.सी.’ असेल तर लगेच आयर्लंडच्या पोलिसांशी नातं जोडू नये — त्या नावाचं मॉडेलच होतं आणि ते सामान्य गिऱ्हाइकांनाही विकलं जाई.

१५. मुठीच्या मागच्या लोखंडी पट्टीवर बारीक अक्षरं आणि आकडे असतील तर जसेच्या तसे उतरवून घे, मधले ठिपकेसुद्धा — बहुधा ती पलटणीची खूण असते, आणि एका ठिपक्याने पलटण बदलू शकते.

१६. फ्रेम, नळी आणि सिलिंडर यांवरचे क्रमांक जुळतात का ते बघ — नाही जुळले तरी घाबरू नकोस, सरकारी कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी भाग बदलले जात. परवान्यावर मात्र कोणता क्रमांक चढला आहे तो नीट ताडून घे.

१७. मुठीच्या फळ्यांखाली काय आहे म्हणून स्क्रू फिरवू नकोस, परवानाधारक कारागिराकडे ने — घासलेला स्क्रू आणि तडकलेली फळी पूर्ववत होत नाही.

१८. पूर्ण क्रमांकाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नकोस — घरात शस्त्र आहे ही बातमी कुठवर जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

१९. बाण सांगतो सरकार, पट्टी सांगते पलटण, माणूस सांगतात कागद — म्हणून सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद आणि गणवेशातला फोटो परवान्याच्या प्रतीसोबत एकाच पाकिटात ठेव.

एवढं करूनही एखादा ठसा लागला नाही, तर वहीत ‘लागला नाही’ असंच लिही. अंदाजाने चिकटवलेली पलटण पुढच्या पिढीला खरी वाटेल. मोकळी सोडलेली जागा मात्र तुझी नात कधीतरी भरू शकेल.