नाम सुटं शिकवू नये

मिरजेत मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. मिरज दवाखान्यांचं गाव, त्यामुळे वर्गात नर्सिंगच्या मुली जास्त. बऱ्याच जणींना ब्रिटनला किंवा आखातात जायचं असतं. बहुतेकींची शाळा मराठी माध्यमाची. त्यांना 'हायपरटेन्शन' अडत नाही, 'ॲनिमिया' अडत नाही. अडतात ती मेक, डू, टेक, हॅव, गिव्ह ही अगदी सुरुवातीला शिकलेली क्रियापदं. कोणत्या नामाबरोबर त्यातलं कोणतं चालतं, तिथे जीभ अडखळते. शिकवता शिकवता याबद्दल जे हाती लागलं, ते लिहिते.

१. आधी मराठीकडे बघायला लावावं.

"इंग्रजीला काही नियमच नाही," ही तक्रार पहिल्याच आठवड्यात येते. तेव्हा मी फळ्यावर 'काढणे' लिहिते आणि आपण काय काय काढतो ते विचारते. फोटो काढतो, कर्ज काढतो, राग काढतो, शाळा काढतो, वरात काढतो, आजारपण काढतो, कुणाची तरी कुरापत काढतो. बघता बघता फळा भरतो. मग 'मारणे' घेते: गप्पा, हाक, मिठी, थाप, शिट्टी, चक्कर. फोटो आणि कर्ज यांच्यात समान काय, हे वर्गात कुणालाच सांगता येत नाही, पण चुकत एकही जण नाही. हे आपल्याला नियमानं आलेलं नाही, कानावर पडून आलंय. लंडनच्या मुलालाही त्याचं 'टेक अ फोटो' तसंच आलंय. एवढं पटलं की 'आपल्यालाच जमत नाही' हा सल निघतो. तो निघायलाच हवा. मनातून खचलेली मुलगी तोंड उघडत नाही, आणि तोंड उघडल्याशिवाय बोलणं येणार कुठून?

२. 'मेक' आणि 'डू'चा नियम थोडे दिवस वापरावा, मग सोडून द्यावा.

आपण काम करतो, चहा करतो, चूक करतो, फोन करतो, घरचा अभ्यास करतो. इंग्रजीत काम आणि अभ्यास 'डू'कडे, तर चहा, चूक आणि फोन 'मेक'कडे. शाळेत सांगतात की नवं काही तयार होत असेल तर 'मेक', नुसती कृती असेल तर 'डू'. सुरुवातीला हा आधार बरा. पण 'मेक द बेड' म्हणताना पलंग कुणी घडवत नाही, अंथरूण-पांघरूण नीट करतात. आणि 'डू डॅमेज'मधलं नुकसान तर नव्यानंच झालेलं असतं. फ्रेंचांचं 'फेर' आणि जर्मनांचं 'माखेन' आपल्या 'करणे'सारखीच दोन्हीकडे चालतात, म्हणून जर्मन विद्यार्थीसुद्धा होमवर्कला 'मेक' लावून मोकळा होतो. ही अडचण एकट्या मराठी माणसाची नाही.

३. मराठीत 'येणे', 'होणे', 'लागणे' आलं की थांबावं.

माझ्या अनुभवात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, आणि पाठ्यपुस्तकांत ती फारशी दिसत नाही. मराठीत दुखणं माणसाकडे चालून येतं. ताप येतो, खोकला येतो, सर्दी होते, ऑपरेशन होतं, बाळ होतं. इंग्रजीत वाक्य माणसापासून सुरू होतं आणि दुखणं त्याच्याजवळ असतं: 'आय हॅव अ फीवर', 'शी हॅज अ कॉफ', 'ही हॅड ॲन ऑपरेशन', 'शी हॅड अ बेबी'. हा सांधा हाती लागला नाही, तर 'माय ऑपरेशन हॅपन्ड' असं वाक्य तयार होतं. शब्द सगळे ओळखीचे, व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, तरी ते इंग्रजी वाटत नाही.

काही ठिकाणी तर इंग्रजीत नामच उरत नाही. चक्कर येते, भूक लागते, राग येतो, झोप येते: 'फील डिझी', 'फील हंग्री', 'गेट अँग्री', 'फील स्लीपी'. आईची आठवण येते, तिथे 'मिस' हे एकच क्रियापद पुरतं. आठवणीला इंग्रजी नाम शोधत बसलं की वाक्य तिथेच अडकतं.

४. शब्द ज्या कामाचे, ती कामं करत शिकवावेत.

आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी ओईटी नावाची इंग्रजीची परीक्षा आहे. तिच्या बोलण्याच्या भागात दोन प्रसंग वठवायचे असतात. परीक्षार्थी नर्स होते, समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक. वर्गात पेशंट मी होते. एखादी मुलगी मनापासून विचारते, "डिड यू ईट युअर टॅब्लेट्स?" मराठीत गोळ्या खाल्ल्या जातात, इंग्रजीत त्या 'टेक' करतात. "बीपी बघते" याचं 'सी' होत नाही, 'चेक' किंवा 'टेक' होतं. सलाईन आपण लावतो, जसा पंखा आणि दिवा लावतो. तिकडे पेशंटला 'पुट ऑन अ ड्रिप' करतात आणि पंखा 'टर्न ऑन' करतात. टाके घालणं म्हणजे 'पुट इन', टाके काढणं म्हणजे 'टेक आउट'. इंजेक्शन देणं मात्र सरळ 'गिव्ह'. ड्रेसिंग करणं 'डू' म्हटलं तरी चालतं, बदलायचं असेल तर 'चेंज'. जिथे मराठी आणि इंग्रजी जुळतात, ती ठिकाणंही मी मुद्दाम दाखवते. मुलींना धीर येतो. हे सगळं कॉटजवळ उभं राहून, हातात थर्मामीटर धरून म्हटलं की लक्षात राहतं. यादी पाठ करून घेतली तर पुढच्या आठवड्यात अर्धी गळून जाते.

५. 'पे'चा स्वतंत्र पाठ घ्यावा. लक्ष देणं, भेट देणं, दाद देणं: 'पे अटेन्शन', 'पे अ व्हिजिट', 'पे अ कॉम्प्लिमेंट'. तिन्हीकडे मराठीत 'देणे' आहे, म्हणून 'गिव्ह' ओठावर येतं. पैशाचा संबंध नाही, हे एकदा सांगितलं की पुरतं.

६. लाल शाई जपून वापरावी.

'टेक अ डिसिजन' चूक, 'मेक'च हवं, असं सांगणारे शिक्षक मी पाहिलेत. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. आंघोळीला तिकडे 'हॅव अ बाथ' जास्त, अमेरिकेत 'टेक'. 'गिव्ह ॲन एक्झाम' आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण बाहेर त्याचा अर्थ 'परीक्षा घेणे' असा उलटा होतो, म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलीला 'टेक' किंवा 'सिट' सांगते. गावात राहून काम करणाऱ्या मुलीला त्यासाठी दहा वेळा अडवणं मला पटत नाही.

७. शब्दकोशात क्रियापद नव्हे, नाम उघडावं.

जपानमधल्या विद्यार्थ्यांच्या नेमक्या याच अडचणी पाहून हॅरॉल्ड पामर यांनी टोकियोत १९३३ साली इंग्रजी शब्दजोड्यांचा मोठा अहवाल काढला. त्यांचे सहकारी हॉर्नबी यांनी शिकणाऱ्यांसाठी शब्दकोश तयार केला. तो १९४२ मध्ये जपानमध्ये आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डकडून निघाला. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा विचार १९५० च्या दशकात ठामपणे मांडणारे फर्थ तरुणपणी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. २००२ पासून ऑक्सफर्डचा केवळ शब्दजोड्यांचा कोशही मिळतो. त्यात 'डिसिजन' उघडलं की मेक, टेक, रीच, कम टू अशी क्रियापदं एका जागी सापडतात. 'मेक' उघडून बसणाऱ्याच्या हाती मात्र पानंच्या पानं येतात आणि काम होत नाही.

८. वहीत पानाच्या मधोमध नाम लिहावं आणि त्याचा सगळा प्रवास भोवती मांडावा. 'अपॉइंटमेंट': आधी 'मेक', दिवस बदलला तर 'चेंज', वेळेवर गेलो तर 'कीप', राहून गेलं तर 'मिस', जायचंच नसेल तर 'कॅन्सल'. 'प्रॉमिस': 'मेक', 'कीप', 'ब्रेक'. एका पानावर एकच नाम, आणि प्रत्येक क्रियापदासमोर आपल्या वॉर्डातलं किंवा घरातलं एक खरं वाक्य. वाक्य पुस्तकातलं उतरवलेलं असेल तर मी ते खोडून पुन्हा लिहायला लावते.