विलंबाच्या भरपाईचे मोल

वेळेवर माल पोचविणे हा विक्रीचाच एक भाग होय. निसरपुरासारख्या गावच्या दुकानदाराने इंदूरहून मागविलेला माल हाट उलगल्यावर आला, तर तो कितीही उत्तम असला तरी त्या दिवसापुरता व्यर्थच. शहरांत घरपोच मालाचा व्यवहार वाढल्याने विलंब झाल्यास भरपाई देण्याची हमी काही विक्रेते देतात. अशा हमीसाठी ग्राहक अधिक दाम मोजील काय, आणि ती दुकानदारास परवडेल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जोखमीचे मोल ठरविणे आपल्या पेढ्यांस नवे नाही. पूर्वी जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच देय होत. वाटेत माल बुडाल्यास नुकसान हुंडी विकत घेणाऱ्याचे. म्हणून तो खरेदीच्या वेळीच त्या जोखमीपुरता बट्टा कापून घेई. हमीचा आकार असा व्यवहारातच सामावलेला असे.

अलीकडचे उदाहरण तेजस गाडीचे. २०१९ साली लखनौ-दिल्ली व २०२० साली अहमदाबाद-मुंबई मार्गावर ती सुरू झाली, तेव्हा एक तासाहून अधिक उशीर झाल्यास १०० रुपये व दोन तासांहून अधिक झाल्यास २५० रुपये देण्याचे जाहीर झाले होते. ही योजना २०२४ साली बंद झाली. शंभर रुपये मिळावेत म्हणून कोणी तिकीट काढीत नसे. गाडी वेळेवर पोचेल हा भरवसा प्रवाशास हवा असे. भरपाई ही त्या भरवशाची केवळ तारण-रक्कम होय.

आता हिशेब पाहू. समजा, शंभर मागण्यांपैकी आठ उशिरा पोचतात व प्रत्येकी ५० रुपये द्यावयाचे आहेत. खर्च ४०० रुपये, म्हणजे दर मागणीस ४ रुपये. ग्राहक ५ रुपये अधिक देत असल्यास हमी परवडते. उशिराच्या मागण्या वीस झाल्या, तर हाच खर्च १० रुपयांवर जातो. मग आधी पोचवणीची व्यवस्था सुधारणेच इष्ट.

ग्राहकाची तयारी तोंडी विचारून कळत नाही, कारण बोलण्यास दाम पडत नाही. एकाच मालाचे हमीसह व हमीविना असे दोन दर ठेवावेत. लग्नघरचा ग्राहक पहिला दर घेईल, महिन्याचा किराणा भरणारा बहुधा दुसरा. हाच खरा कौल.

तीन गोष्टींची मात्र सावधगिरी हवी. पहिली, हमीचा भार पोचविणाऱ्या नोकराच्या जिवावर पडू नये. अमेरिकेत डॉमिनोज कंपनीने तीस मिनिटांची हमी अपघातांच्या दाव्यांनंतर १९९३ साली मागे घेतली. दुसरी, रक्कम वाजवी असावी. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमान्वये न्यायालय ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देववते. तिसरी, भरपाई मागावी लागू नये. ती तत्काळ मिळावी.

ही तिसरी गोष्ट निसरपूरकरांस समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ साली सरदार सरोवराच्या पाण्यात गावाचा मोठा भाग गेला, तेव्हा नर्मदाकाठच्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसनाचे दावे निकाली निघावयाचे होते. उशिराच्या भरपाईलाच उशीर झाला, तर ग्राहकाचा दुहेरी तोटा होतो आणि पेढीची पत जाते. ती पत कोणत्याही दराने परत विकत मिळत नाही.