घरी दुरुस्ती केल्यावर इंजिन वाजू लागले तर…



बेणे, लागण आणि खतांच्या मात्रा यांवर लिहिणारा माणूस आज इंजिनावर का लिहितोय, असे काहींना वाटेल. कारण सरळ आहे. ऊस कितीही जोमदार आला तरी तो कारखान्याच्या काट्यावर पोचतो ट्रॅक्टरच्या जोरावर. तोडलेला ऊस फडात किंवा रस्त्याकडेला पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि त्यातली साखरही घटते. वजन घटले की नुकसान एकट्याचे, उतारा घटला की आपल्या सगळ्यांचे. म्हणून हा पाठ.

गेल्या हंगामाच्या तोंडावर आपल्या एका सभासदाने घरच्या घरी ट्रॅक्टरचे हेड उतरवले. गॅस्केट फुटले होते, ते नवे घातले, टॅपेट लावले, ट्रॅक्टर चालू केला. चालला, पण वरून टक्-टक् असा बारीक आवाज येऊ लागला. भोवती चार जण जमले, चौघांची निदाने चार. शेवटी त्याने झाकण काढून एकेक टॅपेट आवाज बंद होईपर्यंत आवळला. इंजिन अगदी मुके झाले. मला वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, आता ऐका, शिलाई मशीनसारखं चाललंय."

पंधरा दिवसांनी उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन तो चढाला लागला आणि ट्रॅक्टर ओढेना. पहाटे चालू करताना त्रास, चालल्यावर धूर. हेड पुन्हा उतरवले तेव्हा एक्झॉस्टचा एक वॉल्व्ह कडेने जळालेला निघाला. भर हंगामात ट्रॅक्टर दारात उभा, आणि तोडलेला ऊस फडात.

चूक कुठे झाली ते नीट समजून घ्या, कारण ही चूक पुष्कळांकडून होते.

टॅपेटची फट मोजायची ती त्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह बंद असताना, म्हणजे कॉम्प्रेशनच्या शेवटी पिस्टन अगदी वर आलेला असताना. आपल्या सभासदाने पिस्टन वर आहे एवढेच पाहिले. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला, एकदा धूर बाहेर टाकताना. दुसऱ्या वेळी वॉल्व्ह थोडा उघडाच असतो. तेव्हा फट लावली की स्क्रू गरजेपेक्षा जास्त सैल केला जातो. वॉल्व्ह बंद झाला की फट खूप मोठी होते, आणि रॉकर आपटून टक्-टक् वाजतो.

इथपर्यंत फारसे बिघडले नव्हते. फिलर गेज घेऊन फट पुन्हा लावली असती तर काम झाले असते. पण गेजऐवजी कानाने आवळल्यामुळे फट उरलीच नाही. इंजिन तापले की वॉल्व्हची दांडी लांब होते. तिला जागा नसली की वॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्टचा वॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता टेकलेल्या वेळात बैठकीला देऊन थंड होत असतो. टेकलाच नाही तर जळेल नाही तर काय? म्हणून हे एक वाक्य घराच्या भिंतीवर लिहून ठेवा : सैल टॅपेट ओरडून सांगतो, आवळ टॅपेट मुकाट्याने वॉल्व्ह खातो.

आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला असे नाही. दोष कुठे शोधायचा ते कान सांगतो, किती आणि कसे ते गेज आणि कंपनीचे पुस्तक सांगते.

याचा अर्थ घरी पाना हातात घेऊच नये असा नाही. आपला मुलूख यंत्राला नवखा नाही. १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, तीच आजची किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन नासते असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती त्यांनी तोच नांगर दिला. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स निघाली, आणि डिझेल इंजिन विहिरीच्या काठावर येऊन बसले. उघडायला भिऊ नका. पण उघडले ते मोजून बसवा.

आता माझीच गोष्ट सांगतो. गावाकडे आमच्या विहिरीवर एका सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. त्याचा डिझेल पंप मी उतरवला, धुतला, परत लावला. इंजिन चालू झाले ते हातोडीने ऐरणीवर ठोकल्यासारखे कडाडत. मी बेरिंग गेले समजून धास्तावलो. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी फक्त विचारले, "शेवटी काय उघडलं होतंस?" पंपाखालची पत्र्याची एक पातळ शिम माझ्याच रॉकेलच्या डब्यात पडली होती. शिम कमी झाल्याने पंप खाली बसला आणि डिझेल वेळेआधी सिलिंडरमध्ये पडू लागले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवलेली असते की डिझेल आपोआप पेटते. वेळेआधी पडलेले डिझेल साठते, एकदम भडकते, आणि तोच धक्का आपल्याला ठोका म्हणून ऐकू येतो. शिम जागेवर घातली, आवाज गेला.

त्या मिस्त्रींचा प्रश्न हाच निदानाचा पहिला नियम. दुरुस्तीनंतर नवा आवाज आला तर आधी संशय आपण हात लावलेल्या भागावर घ्या.

आवाज ओळखण्याचा क्रम असा ठेवा :

१) आधी बाहेरचे पाहा. फॅन, पट्टा, पुली, सायलेन्सरचे नट, इंजिनाचे पायाचे बोल्ट. सैल पुली बेरिंगसारखी ठोकते आणि माणसाला फसवते. इंजिन बंद करून हे सगळे हाताने हलवून बघा. पट्टा उतरवून क्षणभरच इंजिन चालवा. आवाज गेला तर दोष पट्ट्याच्या बाजूला.

२) लांब स्क्रूड्रायव्हर किंवा वाळकी काठी घ्या. एक टोक इंजिनावर, दुसरे कानाजवळ. झाकणावर, नोझलजवळ, ब्लॉकवर, चेंबरवर असे क्रमाने ऐका. जिथे आवाज मोठा तिथे दोष जवळ. धोतराचा सोगा, पदर, उपरणे आणि सैल बाह्या फॅनपासून दूर ठेवा.

३) वरून बारीक टिक्-टिक्, आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या चालीने : टॅपेट. इंजिन ७०० फेरे फिरत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला ३५० वेळाच उघडतो.

४) नोझलपाशी फुस्-फुस् : नोझलखालचा तांब्याचा वॉशर राहिला, किंवा जुना आत चिकटलेला असताना त्यावर नवा घातला. हेडच्या सांध्यातून फुस्-फुस् : बोल्ट फुलीच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने आवळलेले नाहीत.

५) अडखळत, मधेच फटके देत चालणे : डिझेलच्या नळीत हवा. पंपाची हवा काढा.

६) हेड बसवल्यावर लगेच वरून कडक, धातूवर धातू आपटल्यासारखा ठोका : गॅस्केट चुकीचे किंवा पातळ, किंवा आत एखादा वॉशर पडलेला. ताबडतोब बंद करा.

७) थंड असताना ठोका आणि तापल्यावर कमी : बहुधा झिजलेला पिस्टन. तापल्यावर आणि लोडवर वाढणारा, खालून येणारा जड धप्-धप् : कनेक्टिंग रॉडचे बेरिंग. तापलेले ऑईल पातळ होते आणि झिजलेली फट भरून काढू शकत नाही.

जुने मिस्त्री एकेका नोझलची नळी सैल करून कोणत्या सिलिंडरचा आवाज ते ओळखतात. ते काम जाणत्यावर सोपवा. त्या नळीतून सुटणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तसे झाले तर रक्त आले नाही म्हणून घरी बसू नका, तडक दवाखाना गाठा. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागले आहेत. त्यांतील कॉमन रेलच्या इंजिनात तर चालू स्थितीत नळीला पाना लावूच नये.

हेडचे काम केल्यावर आणखी एक ध्यानात ठेवा. आधी हेडचे बोल्ट, मग टॅपेट. पुस्तकात सांगितले असेल तर काही तास चालवून बोल्ट पुन्हा तपासतात. त्यात गॅस्केट दबते आणि टॅपेटची फट कमी होते. म्हणून नंतर टॅपेट परत मोजा.

आता शेवटचे आणि सगळ्यांत महत्त्वाचे. खालून जड ठोका आला, ऑईलचा काटा पडला किंवा लाल दिवा लागला, ऑईलच्या काडीवर दुधाच्या चहासारखे ऑईल दिसले, तर इंजिन त्याच जागी बंद करा. "एवढी खेप काट्यावर घालतो, मग बघू" असे म्हणू नका. बेरिंग बदलणे एक, आणि क्रँक खाऊन रॉड ब्लॉकमधून बाहेर येणे दुसरे. भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला अडकली तर गट कार्यालयात कळवा. दुसऱ्या ट्रॅक्टरने ऊस ओढून आणता येतो.

तो सभासद आता काय करतो सांगू? झाकण उघडले की खिशातून आधी फिलर गेज काढतो. उघडताना प्रत्येक वॉशर आणि शिम क्रमाने पाटीवर मांडतो आणि वहीत लिहितो. यंदाच्या हंगामात त्याचा ट्रॅक्टर थोडा टिक्-टिक् वाजतो. पण एकही खेप चुकलेली नाही.

— ऊस विकास अधिकारी