बाथरूमची लाइन : तार कोणती घ्यावी?

पुण्यात थंडी सुरू झाली की बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गिझर, तार आणि स्विच घेणाऱ्यांची गर्दी वाढते. पहाटे वजूसाठी, मुलांच्या आंघोळीसाठी गरम पाणी सर्वांनाच हवे असते. परंतु गिझर चांगल्या कंपनीचा घेणारे गिऱ्हाईक तारेच्या बाबतीत मात्र घासाघीस करते, आणि काम हातचे जाऊ नये म्हणून वायरमनही पातळ तार टाकून मोकळा होतो. म्हणून आमच्या वायरमन व दुकानदार बांधवांसाठी आज हा धडा देत आहोत.

आधी हिशोब करू. वॅटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात. घरातला दाब 230 व्होल्ट. 2000 वॅटचा गिझर सुमारे 9 अँपियर घेतो, 3000 वॅटचा 13 अँपियर. मीटरबोर्डापासून बाथरूम 15 मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन 30 मीटर तार लागते. 1 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेतून 13 अँपियर नेले, तर त्या तारेतच सुमारे 90 वॅट उष्णता तयार होते. तीच लाइन 4 स्क्वेअर एमएमची असेल तर जेमतेम 25 वॅट. ही उष्णता भिंतीतल्या पाइपात कोंडते, आवरण कडक होऊन तडकते आणि एक दिवस शॉर्ट होते.

म्हणून आमचे सांगणे असे : 2000 वॅटला 2.5 स्क्वेअर एमएम आणि 3000 वॅटला 4 स्क्वेअर एमएम तांब्याची तार वापरावी. फेज आणि न्यूट्रल एकाच मापाचे असावेत. हिरवी अर्थिंगची तारही त्याच मापाची टाकावी. ही लाइन थेट मीटरबोर्डावरून स्वतंत्र आणावी. दिव्या-पंख्याच्या लाइनला गिझर कधीही जोडू नये. सॉकेट 16 अँपियरचे आणि एमसीबीही 16 अँपियरचा पुरेसा आहे. जुने मिस्त्री अजून 3/20, 7/20 असे नंबर सांगून तार मागतात. दुकानदाराने बंडलावर छापलेले स्क्वेअर एमएमचे माप आणि आयएसआय छाप, म्हणजे आयएस 694, दाखवूनच माल द्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या अंगाला शॉक बसतो तेव्हा शरीरातून जाणारा प्रवाह मिलिअँपियरमध्ये असतो. 16 अँपियर म्हणजे 16,000 मिलिअँपियर. माणूस दगावला तरी एमसीबी पडणार नाही! त्यासाठी 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तितकाच परत आला नाही, तर तो क्षणात लाइन तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र कोणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर आरसीसीबीला फरक कळत नाही. म्हणून काम करताना मेन स्विच बंदच ठेवावा.

अर्थिंगबद्दल एक धोका जुन्या पेठांतल्या वाड्यांत विशेष आढळतो. पूर्वी अनेक ठिकाणी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळत. पुढे प्लंबरने मधला तुकडा प्लास्टिकचा टाकला की अर्थिंग तुटते. इतकेच नव्हे, गिझरमध्ये गळती झाल्यास पाइपाचा उरलेला तुकडा आणि त्यावरचा नळही करंट मारू लागतो. तेव्हा नळाच्या भरवशावर राहू नये. हिरवी तार बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत सलग आहे का, हे तपासूनच गिझर सुरू करावा. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये एकत्र जोडणे हा तर गुन्हाच समजावा. न्यूट्रल तुटला की गिझरची टाकीच जिवंत होते.

स्विच शक्यतो बाथरूमच्या दाराबाहेर, दोन्ही तारा तोडणारा डबल पोल आणि लाल दिवा असलेला बसवावा. बादलीत टाकायचा रॉड वापरणाऱ्या घरांनाही हाच नियम : आधी स्विच बंद करून पिन काढावी, मगच पाण्याला हात लावावा.

पातळ तारेचे दर देऊन काम मिळते, पण भिंतीत बुजवलेली तार गिऱ्हाईक पाहू शकत नाही. तो फक्त तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणून अंदाजपत्रकात तारेचे माप, एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग असे चार आकडे वेगवेगळे लिहून द्या. गिऱ्हाईकाने पैसे कमी करायला सांगितले तर स्विचच्या दिखाऊ प्लेटा स्वस्तातल्या घ्या. तार आणि अर्थिंगला कात्री लावू नका. तरीही तो ऐकत नसेल, तर ते काम सोडून द्यावे. एक काम गेले तर दुसरे मिळेल. गेलेला जीव परत येत नाही.