ध्वनिमुद्रणातील अखंड घरघर

भिलाई-3 येथे रेल्वेमार्गालगतच्या एखाद्या घरी आजीबाईंच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, अशी कल्पना करा. आवाज स्पष्ट आहे. परंतु त्यामागे पंख्याची घरघर अखंड ऐकू येते. ती कशी काढावी?

घरघर आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ एकसारखी असते, हेच तिचे वर्म होय. ऑडॅसिटीसारख्या संगणकीय आज्ञावलीस प्रथम नुसत्या घरघरीचा एखाददोन सेकंदांचा नमुना निवडून द्यावा. कोणत्या कंप्रतेवर, म्हणजे दर सेकंदास किती कंपने होतात तेथे, गोंगाटाचे बळ किती आहे, याची ती नोंद करते. मग सारे मुद्रण सूक्ष्म तुकड्यांत तपासून, जेथे ध्वनी त्या मर्यादेच्या वर जात नाही तेथे तो क्षीण करते. स्टीव्हन बोल यांनी 1979 मध्ये मांडलेली वजाबाकीची रीत याच जातीची आहे. म्हणून गाणे सुरू होण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर स्तब्ध राहावे.

गाडीचा भोंगा मात्र या उपायाने जात नाही. तो मध्येच येतो व नमुन्यात नसतो. वजाबाकी फार केल्यास कंठस्वर पाण्याखालून आल्यासारखा भासतो. त्यापेक्षा थोडी घरघर उरलेली बरी. आणि मूळ प्रत कदापि पुसू नये.

गी पॉइटविन व हेमा राईरकर यांच्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत. या ओव्या जात्यावरच्या, आणि जात्याची घरघरही अखंडच! आज्ञावलीस पंखा व जाते यांतील भेद कळत नाही. तेव्हा नमुना घ्यावयाचा तो जाते फिरू लागण्याआधीचा.