अगं, त्या बाटल्या आधी बाजूला ठेव

परवा तुझ्याकडे आले तेव्हा फ्रिजचं दार उघडलं आणि बघतच राहिले. झिंकचं सिरप, व्हिटॅमिन सी, जाऊबाईंनी दिलेला गुळवेलीचा रस, शिवाय कसलंसं च्यवनप्राश. सगळ्यांवर एकच आश्वासन, इम्युनिटी वाढेल. रागवत नाहीये गं. 2020 साली काढे उकळत बसलेली आपली सगळी पिढीच ती. पण कोरोनाच्या निमित्ताने मुलांच्या शरीराबद्दल जे कळलं, ते त्या बाटल्यांवर लिहिलेलं नाही. प्रतिकारशक्ती किती, यापेक्षा ती कधी जागी होते आणि कधी शांत होते, सगळी गोम तिथे आहे.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी 2021 मध्ये मुलांच्या आणि मोठ्यांच्या नाकातल्या पेशी तपासल्या. विषाणू ओळखणारी प्रथिनं मुलांच्या पेशींत आधीपासूनच जास्त होती, म्हणजे संसर्ग व्हायच्याही आधी. त्यामुळे विषाणू शिरला रे शिरला की इंटरफेरॉन सुटतं आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. मुलांचं शरीर दूध वर येताना दिसलं की गॅस बारीक करतं. मोठ्यांच्या शरीराला ते पुष्कळदा उतू गेल्यावर कळतं, मग सगळा ओटा धुवायची धावपळ. बहुतेक मुलांचं ताप-सर्दीवर भागलं, त्यामागे हे एक मोठं कारण. ही तयारी कुठल्या सिरपने आलेली नव्हती.

आता मेलबर्नच्या एका कुटुंबाची गोष्ट ऐक, मला फार आवडते. आईबाबा लग्नाला दुसऱ्या राज्यात गेले, मुलं घरीच. परतले ते कोरोना घेऊन. घरात 9, 7 आणि 5 वर्षांची तीन मुलं. धाकटं तर आईबाबांच्याच अंथरुणात झोपायचं. तिघांच्याही पीसीआर चाचण्या पुन्हापुन्हा केल्या, दरवेळी निगेटिव्ह. आणि तरी तिघांच्याही शरीरात अँटिबॉडीज सापडल्या! ज्या धाकट्याला काहीच झालं नव्हतं, त्याच्यात तर सगळ्यात जोरकस. पुढे त्याच शहरातल्या दुसऱ्या अभ्यासात नेमकं उलट दिसलं. सौम्य कोरोना झालेल्या मोठ्यांपैकी 76 टक्क्यांत अँटिबॉडीज तयार झाल्या, मुलांत फक्त 37 टक्क्यांत, आणि विषाणूचं प्रमाण दोघांत साधारण सारखंच होतं. तेव्हा ‘अँटिबॉडी टेस्ट करून घेऊ का गं ताई?’ हे तू विचारतेस ना, त्याचं उत्तर यातच आहे. नको. निगेटिव्ह आली म्हणून कोरोना होऊन गेलाच नसेल असं नाही. पैसे वाचव आणि सुईही.

आठवतं, 2021 च्या उन्हाळ्यात ‘तिसरी लाट मुलांवर’ म्हणून आपण किती घाबरलो होतो? त्याच एप्रिल ते जूनमध्ये मुंबई महापालिकेने मुलांच्या रक्ताचे नमुने तपासले, तर 51.18 टक्के मुलांत अँटिबॉडीज मिळाल्या. निम्म्याहून जास्त मुलांना कोरोना आपल्या नकळत होऊनही गेला होता!

पण एका गोष्टीत मात्र गाफील राहू नकोस. क्वचितच होतं, पण होतं. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी, मूल अगदी खेळायला लागलेलं असताना, पुन्हा सणकून ताप येतो. एप्रिल 2020 मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी याबद्दल पहिल्यांदा सावध केलं. एमआयएस-सी म्हणतात त्याला. विषाणू बहुधा गेलेला असतो, प्रतिकारशक्तीच आवरत नाही, आणि हृदयालाही सूज येऊ शकते. अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत विषाणूवर रोखलेल्या अँटिबॉडीज चुकून शरीरातल्याच एका प्रथिनाला चिकटतात, हे 2024 मध्ये कळलं. आता सांग, अशा वेळी इम्युनिटी ‘वाढवून’ काय करणार?

स्टेरॉइडचं बघ. एमआयएस-सीमध्ये तेच औषध मुलाला तारतं. आणि साध्या सौम्य कोरोनात ते देऊ नका, अपाय होईल, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून 2021 मध्ये बजावलं होतं. म्हणून शेजारणीच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनवरचं काही आणू नकोस. गुळवेलीचंही तसंच. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. वाद मोठ्यांचा मोठ्यांनी घालावा, तुझ्या पाच वर्षांच्या पोराला रोज चमचा पाजायची गरज काय? हळदीचं दूध आवडत असेल तर दे, औषध म्हणून नाक दाबून नको.

ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, पाणी, पेज आणि झोप. ॲस्पिरिन मनाने कधीच नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर मात्र वाट न बघता डॉक्टर. आणि मोठ्या मुलाचा ताप तीन दिवस हटला नाही, सोबत अंगावर चट्टे, लाल डोळे, लालबुंद ओठ, पोटात जोराचं दुखणं, उलट्या, किंवा हातपाय गार पडून पोर मलूल, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की रविवार, दवाखाना गाठायचा. तिथे गेल्यावर, कुणी विचारो न विचारो, मागच्या दीड महिन्यात घरात कुणाकुणाला ताप-खोकला होऊन गेला ते आपणहून सांग. साधी सर्दी होती म्हणून सोडून देऊ नकोस, सासऱ्यांची सुद्धा सांग.